किनाऱ्यावरच्या पतंगांचे फोटो: आधी वारा, मग ऊन, शेवटी कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्रकिनाऱ्यावर उडणाऱ्या पतंगांचे फोटो काढले, पण पतंग म्हणजे आकाशातला ठिपका दिसतो, रंग काळपट येतात आणि उडवणारा, पतंग व समुद्र हे तिन्ही काही केल्या एका चौकटीत बसत नाहीत. मोठी झूम लेन्स घ्यावी का, आणि सेटिंग काय ठेवावं?

लेन्स आणि सेटिंग दोन्हींचं सांगतो, पण थोडं थांबून. तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी दोन तरी उभं राहण्याच्या जागेमुळे आल्या आहेत आणि ती जागा वारा ठरवतो. किनाऱ्यावर पोचल्यावर कॅमेरा बॅगेतून काढण्याआधी वारा कुठून येतोय ते पाहा, मग सूर्य कुठे आहे ते पाहा. या दोन्हींचा मेळ लागला की साध्या लेन्सवरही चांगला फोटो मिळतो. तो लागला नाही, तर महागडी लेन्स ठिपक्याचा थोडा मोठा ठिपका करून देते.

पतंग नेहमी उडवणाऱ्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी फोटो काढताना नेमकं तेच विसरायला होतं. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत शिरते. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे ते हेच. ते बहुधा दुपारच्या सुमारास जोर धरतात आणि ऊन उतरलं की मंदावतात. म्हणजे किनाऱ्यावर पतंगांची गर्दी असते त्या वेळी उडवणारा बहुतेकदा समुद्राकडे पाठ करून उभा असतो आणि पतंग जमिनीच्या बाजूला, झाडं, छपरं, दिव्याचे खांब यांच्या वर असतो. तुम्ही त्याच्याजवळ उभे राहून पतंगाकडे कॅमेरा वळवलात की समुद्र तुमच्या पाठीमागे गेला. तिन्ही एका चौकटीत येत नाहीत ते यामुळे.

यावर पहिला उपाय म्हणजे पतंगाच्याही पलीकडे, जमिनीच्या बाजूला जाऊन समुद्राकडे तोंड करणं. आता समोर उडवणारा, त्याच्यामागे लाटा आणि वर पतंग. पण किती लांब जायचं? एक साधा हिशेब करू. दोर ५० मीटर सोडला आहे आणि तो जमिनीशी साधारण ५० अंशांचा कोन करतो आहे, असं धरा. मग पतंग सुमारे ३८ मीटर उंच आणि उडवणाऱ्यापासून आडव्या अंतरात ३२ मीटर पुढे असतो. तुम्ही उडवणाऱ्यापासून ८० मीटरवर उभे राहिलात, तर पतंग तुम्हाला क्षितिजापासून जवळजवळ ३८ अंश वर दिसेल. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स उभी धरली की तिच्यात वर-खाली ५४ अंश मावतात, म्हणजे माणूस, समुद्र आणि पतंग आरामात बसले. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हेच काम २३-२४ मिमी लेन्स करते.

पण एवढं करून फोटो पाहिलात तर निराशा होईल. दोन मीटर रुंदीचा पतंग चौकटीच्या रुंदीचा विसावा भाग व्यापेल आणि माणूस चौकटीच्या उंचीचा पन्नासावा भाग. सगळं चौकटीत आलं खरं, पण सगळंच ठिपक्यांएवढं.

यावरचा उपाय लेन्समध्ये शोधू नका, चक्रीत शोधा. उडवणाऱ्याला विनंती करून दोर १५ मीटरवर घ्यायला सांगा आणि तुम्ही २४-२५ मीटरवर या. कोन तेच, लेन्स तीच, मांडणीही तीच. फक्त पतंग आणि माणूस दोघेही आता सव्वातीन पट मोठे. पतंग चौकटीच्या रुंदीच्या सहाव्या भागाएवढा होतो, माणसाचा चेहरा आणि हातांची ठेवण कळू लागते. किनाऱ्यावरच्या पतंगांच्या फोटोंत एवढा फरक करणारी दुसरी कोणतीही गोष्ट मला माहीत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत काही आडवं येत नाही, तो सलग वाहतो, म्हणून आखूड दोरावरही पतंग तिथे ठरतो. झाडा-घरांमागे अशा उंचीवर तो गोते खात राहिला असता.

याचा आणखी एक फायदा आहे. दोर तुटला नाही तोवर पतंग दोराच्या लांबीपेक्षा लांब जाऊच शकत नाही. त्यामुळे उडवणाऱ्यापासून दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर उभं राहिलं की पतंग कोसळला तरी तुमच्या डोक्यावर येत नाही. हा नियम मी कधी मोडत नाही आणि तुम्हीही मोडू नका. चौकटीतून बघणाऱ्याला आजूबाजूचं भान नसतं. त्यात ताणलेला दोर कातडी कापतो आणि दोन दोरांचा पतंग खाली येतो तेव्हा त्याचा वेग भयंकर असतो. जवळून काढायचं असेल तर उडवणाऱ्याच्या मागे, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला उभं राहा. तिथे दोरही येत नाही आणि पतंगही.

दुसरी परिस्थिती मला सगळ्यांत आवडते: वारा किनाऱ्याला समांतर वाहत असतो ती. मग पतंग पुळणीच्या वर, माणूस पुळणीवर आणि समुद्र बाजूला. तुम्ही जमिनीकडून समुद्राकडे बघितलंत की डावीकडे माणूस, उजवीकडे वर पतंग, दोघांना जोडणारी तिरकी रेघ आणि मागे सगळा समुद्र. आडव्या चौकटीत हे इतकं नीट बसतं की फार काही करावं लागत नाही. असा वारा असेल त्या दिवशी इतर कामं बाजूला ठेवून जावं.

तिसरी परिस्थिती पहाटेची. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. तेव्हा पतंग थेट पाण्यावर असतो आणि उडवणाऱ्याच्या मागे उभं राहून दोन्ही मिळतात. अडचण अशी की हा वारा अशक्त असतो, शिवाय झाडं-इमारतींवरून आल्यामुळे तुटक असतो. अडथळ्याच्या उंचीच्या सात-दहा पट अंतरापर्यंत वारा गढूळ राहतो, म्हणून अशा वेळी पाण्याच्या अगदी काठावर जावं लागतं. हलका, मोठ्या पंखांचा डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पतंग असेल तरच हे जमतं. आणि दोर तुटला तर पतंग समुद्रात जातो, हे उडवणाऱ्याच्या लक्षात आणून द्या.

वाऱ्याचा जोर समुद्राकडे बघून कळतो. लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे पांढरे तुरे दिसायला लागले की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आहे. बहुतेक पतंगांना हा उत्तम. तुरे सगळीकडे दिसू लागले की तो २० ते २८ च्या घरात गेला. हा मोठ्या आणि वेगवान पतंगांचा वारा, पण याच वाऱ्यात कोरडी वाळू सरपटायला लागते. तेव्हा कॅमेरा जमिनीलगत नेऊ नका, आणि लेन्स बदलायची असेल तर गाडीत किंवा आडोशाला जाऊन बदला.

आता उन्हाकडे. पतंगाचं कापड खाली आणि उडवणाऱ्याच्या दिशेला तोंड करून असतं. भर दुपारी ऊन त्याच्या पाठीवर पडतं आणि आपण बघतो ते त्याचं पोट, सावलीतलं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं भगभगीत आकाश पाहून एक्स्पोजर कमी करतं आणि पतंग आणखी काळा पडतो. तुमचे रंग मेले ते यामुळे. कागदाचा किंवा जाड छपाईचा पतंग असेल तर दुपारी त्याच्याकडून रंगांची अपेक्षा ठेवू नका. त्याची काळी आकृतीच चांगली दिसते, ढगांसमोर तर विशेष. पण किनाऱ्यावर दिसणारे पतंग बहुतेक पातळ रिपस्टॉप नायलॉनचे असतात, आणि नायलॉन ऊन आरपार जाऊ देतं. पाठीमागून ऊन पडलेला असा पतंग जरा नीट निरखून पाहा. रंगाचे तुकडे आतून पेटल्यासारखे दिसतात. दोन तुकडे जिथे शिवले आहेत तिथे कापड दुहेरी होतं आणि तेवढी पट्टी गडद दिसते. कापडाच्या विणीतले जाड धागे बारीक चौकटी आखतात. आत खोवलेल्या काड्यांच्या सरळ सावल्या पडतात. शिवणाऱ्याच्या हाताचं सगळं काम तिथे उघडं पडतं. हे टिपायचं असेल तर एक्स्पोजर कापडासाठी ठरवा, आकाशासाठी नाही. आकाश थोडं फिकं पडलं तर पडू द्या.

एक्स्पोजरचं सांगायचं तर किनाऱ्यावर ऑटोवर अवलंबून राहू नका. पतंग खाली आला की मागे गडद पाणी, वर गेला की उजळ आकाश, बाजूला चकाकती वाळू. मीटर दर फोटोला मत बदलतं आणि त्याच पतंगाचे रंग प्रत्येक फोटोत वेगळे येतात. ऊन तर बदललेलं नसतं. म्हणून मॅन्युअल लावा. स्वच्छ उन्हाचा जुना आणि भरवशाचा आडाखा असा: एफ/१६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, अ‍ॅपर्चरचा आकडा) शटर स्पीड आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याएवढा. आयएसओ २०० ला एफ/१६ आणि १/२००; तेच उघडत आलं की एफ/८ ला १/८०० किंवा एफ/५.६ ला १/१६००. ऊन समोरून पडलेल्या पतंगाला हे जसंच्या तसं चालतं. मागून पेटलेल्या कापडाला याहून एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त लागतो, जाड कापडाला आणखी थोडा. एक फोटो काढा, स्क्रीनवर रंग पाहा, मग ढग येईपर्यंत सेटिंगला हात लावू नका.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख पाहताना लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे आलेख पाहा. लाल आणि नारिंगी नायलॉन उन्हात इतकं तेजस्वी असतं की एकत्र आलेख ठीक दिसत असतानाही लाल आलेख उजव्या भिंतीला आपटलेला असतो. तसं झालं की कापडाच्या सुरकुत्या, शिवणी सगळं जाऊन नुसता लाल डाग उरतो. अशा वेळी एक्स्पोजर तिसरा भाग ते अर्धा स्टॉप उतरवा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. पुढे अ‍ॅपर्चर एफ/८ च्या पलीकडे शक्यतो नेऊ नका. सेन्सरवर धूळ असतेच, आणि मोकळ्या निळ्या आकाशात एफ/१६ ला तिचा कण न् कण दिसतो.

दिवसाच्या दोन टोकांचं ऊन अर्थातच सुरेख असतं. सूर्य समुद्रावर मावळत असेल आणि वारा समुद्राकडून येत असेल, तर संध्याकाळचं तिरपं ऊन थेट पतंगाच्या पोटावर पडतं. पण नेमका तेव्हाच खारा वारा पडायला लागतो, कारण जमीन निवत चाललेली असते. सोनेरी उजेड आला आणि पतंग वाळूवर पडून आहेत, हे दृश्य किनाऱ्यावर अगदी नेहमीचं आहे. म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाण्यात अर्थ नाही. दोन तास आधी पोचा, वारा आहे तोवर मुख्य फोटो काढून घ्या, शेवटचा उजेड मिळाला तर तो बोनस समजा.

सूर्यासमोर पतंग येईल असा फोटो तुम्ही पाहिला असेल, कापडातून तेज फुटतंय आणि कडेने किरण. तो नशिबावर सोडायची गरज नाही. पतंगाची सावली वाळूवर शोधा आणि तिच्यात जाऊन उभं राहा. सावलीत असलात म्हणजे सूर्य बरोबर पतंगामागे आहे. सूर्याची चकती आकाशात अर्धा अंश व्यापते, म्हणजे ६० मीटरवरच्या पतंगाजवळ ती साधारण ५५ सेंटिमीटरएवढी भरते. दोन मीटरचा पतंग तिला सहज झाकतो. लहान पतंग त्या अंतरावर झाकू शकत नाही, त्याची सावलीही वाळूवर नुसती धूसर हलते. हा फोटो रुंद लेन्सवर आणि स्क्रीनकडे बघून काढा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून टेलिफोटोने तर मुळीच नाही: पतंग एक हात सरकला की पूर्ण सूर्य लेन्समधून डोळ्यात जातो आणि ती इजा कायमची असते. जागा सोडताना दोराच्या लांबीचा मघाचा नियमही आठवा. सावली त्या कक्षेच्या आत पडत असेल तर हा फोटो दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा.

पोलरायझर फिल्टर किनाऱ्यावर उपयोगी आहे, पण डोळे झाकून लावू नका. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश तो सर्वांत गडद करतो, कापडावरची चकाकीही घालवतो, आणि बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड खातो. पण २८ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद येतो आणि तो पट्टा नंतर संगणकावर सहजासहजी निघत नाही. शिवाय चुकीच्या कोनात फिरवलेला पोलरायझर ओल्या वाळूतलं प्रतिबिंब पुसून टाकतो.

त्या प्रतिबिंबाचं थोडं अधिक सांगतो, कारण ते मिळवणं लोकांना वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. लाट मागे सरली की वाळूवर पाण्याचा पातळ थर काही क्षण आरशासारखा राहतो. पतंग क्षितिजापासून जेवढा वर, तेवढंच त्याचं प्रतिबिंब क्षितिजाखाली. पतंग ३८ अंश वर असेल तर प्रतिबिंब ३८ अंश खाली, म्हणजे अगदी तुमच्या पायांपाशी; दोन्ही धरायला ७६ अंश लागतात आणि २४ मिमी लेन्सही उभी धरून त्याला अपुरी पडते. म्हणून प्रतिबिंब हवं असेल तर पतंग २०-२५ अंशांवर, खाली असताना काढा: नुकताच उचलला गेलेला किंवा उतरवताना. ओहोटीच्या वेळी सपाट किनाऱ्यावर जा, कॅमेरा वाळूपासून वीतभर अंतरावर आणा आणि लाटेची पाठ फिरायची वाट पाहा. फोनवर हे जास्त सोपं जातं: फोन उलटा धरला की त्याची लेन्स अगदी पाण्यालगत येते.

आणि पतंग नुकताच उचलला जाण्याचा तो क्षण प्रतिबिंबाशिवायही फार मोलाचा आहे. बहुतेक जण पतंग वर स्थिरावल्यावर कॅमेरा काढतात, तोवर सगळं घडून गेलेलं असतं. मदतनीस पतंग दोन्ही हातांनी धरून उभा असतो, कापड फडफडून ताणलं जातं, दोर वाळूवरून हळूहळू उचलला जातो आणि ओला असेल तर त्याच्यावरून वाळूचे कण गळताना दिसतात. मग उडवणारा एक पाऊल मागे टाकतो, अंगाचा भार टाचांवर घेतो, आणि पतंग हातातून सुटतो. त्या अर्ध्या सेकंदात दोन माणसं, पतंग आणि ताणलेला दोर सगळे माणसाच्या उंचीवर असतात. ठिपक्याचा प्रश्नच येत नाही. बाजूने, गुडघ्यावर बसून, ३५ ते ५० मिमी लेन्स आणि १/१००० वर बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ सलग फोटो सोडा. ढील देणारे हात, चक्री फिरवणारं लहान मूल, वर लागलेले डोळे यांचेही फोटो घ्या. मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारून काढा. आधी विचारलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि दोर आखूड करण्याची विनंतीही मग सहज करता येते.

दोर दिसावा असं वाटत असेल तर हे लक्षात घ्या की एक मिलिमीटर जाडीचा दोर १० मीटरवरून ३५ मिमी लेन्समध्ये एका पिक्सेलएवढाही भरत नाही. दूरचा दोर फोटोत नाहीसाच होतो. उडवणाऱ्याच्या खांद्यामागून, दोन-तीन मीटरवरून काढलात तर त्याच्या मुठीपासून निघालेली रेघ स्पष्ट दिसते आणि नजर तिच्यावरून पतंगापर्यंत जाते. मागे गडद पाणी किंवा करडा ढग असेल आणि ऊन बाजूने असेल तर आणखी चांगली.

आता झूम लेन्स. २०० मिमीवर ६० मीटरवरचा दोन मीटरचा पतंग चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पाचवा भाग भरतो, आणि त्या फोटोत निळ्या आकाशाखेरीज काही नसतं. तो पतंग समुद्रावरचा की डोंगरावरचा, हे कळायला वाव नाही. तरी टेलिफोटो दोन कामांसाठी हवीच. एक म्हणजे अनेक पतंग उडत असताना किनाऱ्यावर बरंच लांब जाऊन, त्यांच्या रांगेत बघून काढलेला फोटो. लांबून बघितल्यामुळे अंतरं आवळतात आणि आकाश पतंगांनी भरल्यासारखं दिसतं. दुसरं काम दोन आणि चार दोरांच्या पतंगांचं.

हे पतंग उडवणाऱ्यासमोर वाऱ्याखालच्या बाजूला, गोलाच्या चतुर्थांशासारख्या एका पट्ट्यात फिरतात. पट्ट्याच्या मध्यावर त्यांचा वेग सर्वांत जास्त, कधी वाऱ्याहूनही अधिक. कडेला गेले की ते मंदावतात आणि वळण्याआधी क्षणभर थबकतात. त्या कडेवर नजर ठेवा, तिथे तीक्ष्ण फोटो मिळतो. मध्यावर काढायचं असेल तर कॅमेरा पतंगासोबत फिरवावाच लागतो. उदाहरणार्थ, सेकंदाला १५ मीटर वेगाचा पतंग १/१००० सेकंदात दीड सेंटिमीटर सरकतो. ३० मीटरवरून २०० मिमी लेन्सने कॅमेरा स्थिर ठेवून काढला तर शिवणी पुसल्या जाणारच. १/२००० आणि सोबत फिरणारा कॅमेरा, असं दोन्ही ठेवा. उलट लांब शेपटीचा पतंग वळणं घेत असेल तर १/३० पर्यंत खाली या आणि पतंगासोबत कॅमेरा फिरवा. दहातले नऊ फोटो टाकावे लागतील, पण उरलेल्या एकात शेपटीने काढलेली नक्षी दिसते. संधिप्रकाशात दिवे लावलेले पतंग असतील तर तिपाईवर दोन ते आठ सेकंद शटर उघडं ठेवा, ते स्वतःच आकाशात रेघा काढतात.

फोकसबद्दल: कोऱ्या निळ्या आकाशात ऑटोफोकसला धरायला काही मिळत नाही आणि तो पुढे-मागे शोधत राहतो. टेलिफोटोवर कंटिन्यूअस फोकस आणि मधल्या बिंदूंचा गट वापरा, आणि तो बिंदू कापडाच्या सपाट भागावर न ठेवता दोन रंगांच्या सांध्यावर ठेवा. ३५ मिमीवर एफ/८ असेल तर मात्र ऑटोफोकस बंद करूनच टाका. पाच-साडेपाच मीटरवर फोकस ठेवला की अडीच-तीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोनवर पतंगावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, आणि डिजिटल झूम अजिबात वापरू नका. त्यापेक्षा दोर आखूड करून घ्या.

पतंगाच्या आकाराप्रमाणे जागा थोडी बदलावी लागते. चपटे आणि डेल्टा पतंग समोरून चांगले. बाजूने ते एका रेषेएवढे दिसतात. पेटी पतंगाचं उलट आहे, तो तिरका बघावा, म्हणजे एका कप्प्यात ऊन आणि शेजारच्यात सावली अशी खोली दिसते. या पेटी पतंगाचं समुद्राशी जुनं नातं आहे: उड्डाणाचे प्रयोग करणाऱ्या लॉरेन्स हारग्रेव्हने १८९४ साली ऑस्ट्रेलियातल्या स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर चार पेटी पतंगांच्या जोरावर स्वतःला जवळजवळ पाच मीटर उचलून घेतलं होतं. काड्या नसलेले, वाऱ्यानेच फुगणारे प्रचंड मासे-देवमासे असतील तर ते फुगत असताना काढा. अर्धवट भरलेलं कापड, सुरकुत्या आणि शेजारी धावणारी माणसं यांमुळे त्यांचा खरा आकार कळतो. वर गेल्यावर शेजारी माप सांगणारं काही नसतं आणि तीस मीटरचा देवमासाही खेळण्यासारखा दिसतो.

वरून फोटो हवा म्हणून पतंगांमध्ये ड्रोन उडवू नका. दोर ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, पंख्यात अडकला की दोर कापला जातो आणि दोन्ही खाली माणसांवर येतात. वरूनच काढायची हौस असेल तर पतंगालाच कॅमेरा टांगण्याची विद्या आहे आणि ती विमानांहून जुनी आहे. फ्रान्समध्ये आर्थर बात्यूने १८८८ साली पतंगावरून हवाई छायाचित्र घेतलं. १९०६ च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेला टांगलेल्या भल्यामोठ्या कॅमेऱ्याने उद्ध्वस्त सॅन फ्रान्सिस्कोचं विशाल दृश्य टिपलं. आज हलका अ‍ॅक्शन कॅमेरा, संथ आणि जोरकस उचलणारा पतंग आणि कॅमेरा समपातळीत ठेवणारा दोऱ्या-कप्प्यांचा झुला एवढ्यावर हे होतं. संध्याकाळी वरून बघितलं की वाळूवर लांबलेल्या सावल्याच मुख्य विषय होतात. पक्षी घरटी करत असतील त्या भागात मात्र ना पतंग, ना कॅमेरा.

घरी आल्यावर कॅमेरा फडक्याने पुसायला घेऊ नका. आधी ब्लोअरने वाळू उडवा, कारण वाळूसकट पुसलं की काचेवर ओरखडे पडतात. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने अंग पुसा, म्हणजे मीठ निघतं. शेवटी कोरडं फडकं. तिपाईचे पाय पूर्ण उघडून धुवा.

आणि लेन्स घ्यायचीच असेल तर आधी तुमच्याकडच्या साध्या किट लेन्सच्या रुंद टोकावर, आखूड दोराने, वारा बघून काही दिवस काढून पाहा. त्यानंतरही वेगवान दोन-दोरी पतंगच जास्त खुणावत असतील तर ७०-३०० मिमीची हलकी झूम पुरे; हातात धरून दिवसभर आकाशाकडे बघायचं असतं, तिथे वजनदार लेन्स लवकर खाली ठेवली जाते.